वेध सोमवारी सातपासून

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकूंवर. झाला सोमवारी, २३ ऑक्टोबर १९९५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता, अंबरनाथला बुवापाड्यात. मला पत्रकं लिहायला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, पहिल्या वाक्यात कोणावर, दुसऱ्यात केव्हा, तिसऱ्यात कोणी केला, पाल्हाळ नंतर. तर तिसरं वाक्य. केला मी.

हे तिसरं वाक्य लिहायला मला जवळजवळ चार वर्षं लागली. आता पुढच्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, पुन्हा सूर्यग्रहण आहे. चौकाचौकात सूचनांचे फळे रंगायला लागलेत आणि मला पुन्हा झोप लागेनाशी झालीय. म्हणून लिहिते.

आमच्या पाड्यात नळाशेजारी एक फळा आहे. फळा म्हणजे मोडलेल्या दाराची फळी, वर काळा रंग. गुरूवर धूमकेतूचे तुकडे आदळले त्या पावसाळ्यात तो आम्ही लावला. वर पांढऱ्या रंगात ‘आकाशातल्या बातम्या’. आम्ही म्हणजे आकाश बघणारे सात-आठ जण. म्होरके बदलापूरचे सर. केमिकल कंपनीत अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. दुसरे उल्हासनगरचे सिंधी अंकल, चष्म्याच्या दुकानवाले. आमची दुर्बीण त्यांनी केलेली. भिंगं दुकानातली आणि नळी कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची. कोणी हसलं की म्हणायचे, “हसता क्या, मेड इन यूएसए आहे. यू म्हणजे उल्हासनगर. पुढचं विचारू नको.”

बातमी अशी यायची. अंकल रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकायचे आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर माझ्यासाठी निरोप ठेवायचे. सर पोस्टकार्ड टाकायचे, अक्षर छापल्यासारखं. दोन्ही जुळवून मी फळ्यावर लिहायचे. ते काम माझ्याकडे आलं कारण माझं अक्षर मोठं होतं आणि मला कमी शब्दांत लिहायची सवय होती. मोर्चाची पत्रकं लिहून लिहून लागलेली. पत्रकात शब्द वाढला की कागद वाढतो. खडू आणि फळ्याचंही तसंच. याचा मला गर्व होता.

फळ्याची सगळ्यात पक्की वाचक म्हणजे काकू. नळावर हंडा लावायचा आणि मोठ्याने वाचायचं, बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं. त्या वर्षी शनीची कडी पृथ्वीवरून दिसेनाशी झाली होती. आपल्याकडे तिची नुसती धार आली होती. मी लिहिलं, ‘शनीची कडी सध्या दिसत नाही’. संध्याकाळी काकू दारात.

“कडी निघाली म्हणजे साडेसाती ढिली झाली का ग?”

“काकू, कडी आहे तिथेच आहे. आपल्याला दिसत नाही इतकंच.”

“आमच्या ह्यांच्या पगारासारखंच म्हण की.”

काकू रोज आमच्याकडे यायच्या त्या मात्र फळ्यासाठी नाही. त्यांना साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता, आमच्याकडे उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेला जुना होता. त्यांची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात. आणि इंजेक्शन द्यायचे मी. त्यांच्या नवऱ्याचा, काकांचा, हात थरथरायचा. कारखान्यात लोखंड कापणारा माणूस, सुई बघितली की घामाघूम. मला पाड्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं. सिरिंज उकळायची, बाटली हातात फिरवायची, हलवायची नाही. आणि टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण. नर्सबाईंनी हे मला तीनदा म्हणायला लावलं होतं. जेवण राहिलं तर साखर उतरते, माणूस घामाने भिजतो, बडबडतो, मग गप्प होतो. गप्प झाला तर पळायचं.

हे मला पाठ होतं. हे लक्षात ठेवा.

आता तो शब्द. सरांना इंग्रजी शब्दांचा राग. कोणी ‘ऑब्झर्वेशन’ म्हटलं की ते थांबवायचे. “वेध म्हणा. वेधशाळा म्हणता ना? मग वेध. शब्द आपला आहे, वापरा.” मग आमच्यात तोच रूढ झाला. आज वेध आहे का? चामटोलीला वेध. ढग आले, वेध रद्द. वर्षभरात मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ ऐकू येईनासा झाला होता.

दुसरा अर्थ आमच्या घरात तसाही नव्हता. आम्ही बौद्ध. छप्पन साली आजोबांनी जे जे सोडलं त्यात ग्रहण पाळणंही सोडलं. आई तरी ग्रहणाच्या दिवशी दार लोटून घ्यायची. का, विचारलं तर म्हणायची, “धूळ येते.” पण आजूबाजूच्या घरांत वेध म्हणजे वेधच. ग्रहणाच्या आधी चार प्रहर, म्हणजे बारा तास, लागतात. लागले की खायचं नाही, प्यायचं नाही, शिजवलेल्यावर तुळशीचं पान ठेवायचं.

महिन्यापूर्वीच मूर्ती दूध पितात म्हणून सगळा देश रांगेत उभा राहिला होता, तेव्हापासून आम्ही तापलेले होतो. सर म्हणाले, ग्रहणाच्या दिवशी लोकांना घराबाहेर काढायचंच. मंगळवारी सकाळी पाड्याच्या मैदानात दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडायचा. आणि आदल्या संध्याकाळी चामटोलीच्या माळावर जमायचं, अमावास्येचा काळोख आहे, बिनकड्याचा शनी बघून घ्यायचा. गटातल्या तिघांना उशिरा यायची खोड होती, त्यांना बजावायचं. रविवारी मी फळा पुसला आणि लिहिलं:

‘मंगळवारी सकाळी सूर्यग्रहण. वेध सोमवारी सायं. सातपासून. सर्वांनी वेळ पाळावी.’

पुन्हा वाचा. मी आजवर शेकडो वेळा वाचलंय. लिहिताना एकदाही वाचलं नाही. जागा उरली होती तिथे दुर्बीण काढली.

सोमवारी साडेसहाला काकू आल्या. नवीन लुगडं, हातात करंज्यांची ताटली, आमच्यासाठी. मी घाईत. पावणेसातची गाडी पकडून बदलापूरला, तिथून चामटोलीला जायचं होतं. सिरिंज उकळलेली होती. टोचलं.

“तुझा हात हलका आहे बाई,” त्या नेहमीचं बोलल्या. मग म्हणाल्या, “लवकर उरकायला पाहिजे नै आज? सातच्या आत.”

मला वाटलं, पूजेचं म्हणतायत. चपला घालता घालता मी म्हटलं, “जेवून घ्या हं काकू.”

“हो ग.”

मी तो ‘हो’ घेतला आणि निघाले.

चामटोलीला शनी छान दिसला. साधा पिवळा ठिपका, कडीशिवाय, कोणी दागिने काढून घेतल्यासारखा. फटाक्यांचा धूर खाली राहिला होता. अंकल म्हणाले, “बिचारा गरीब झाला.” सगळे हसलो. मी हसत होते तेव्हा इकडे काकूंच्या घरात काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पूजा लांबली. सात वाजून गेले. काकांनी ताट वाढलं. काकूंनी ते झाकून ठेवलं.

सकाळी काकू इंजेक्शनला आल्या नाहीत. मला राग आला. हो, राग. म्हटलं, ग्रहण पाळतायत, आता दहानंतर येतील. वर्षभर आमचा फळा वाचून काय उपयोग. जाऊन बघावं असं आलं मनात, पण मैदानात दुर्बीण लावायची होती आणि साडेसातच्या आत सूर्याला ग्रहण लागणार होतं. त्यांचं दार आमच्या दारापासून सहा पावलं. मी दुसऱ्या बाजूने गेले.

मैदानात आम्ही चौघं. सर, अंकल, मी आणि आयटीआयचा एक जण. बाकी पाडा बंद. दिवाळीचा दिवस आणि नळावर हंडा नाही, दारात रांगोळी नाही, रेडिओ नाही, रिक्षा नाही. खिडक्यांना चादरी. कागदावर सूर्याचं बिंब पडलं आणि त्याच्या कडेला चावा घेतल्यासारखा काळा तुकडा दिसायला लागला. सर आनंदाने मिनिटं मोजत होते. मी गल्लीकडे बघत होते, कोणीतरी येईल म्हणून. एक जरी आला तरी जिंकलो, असं आमचं ठरलं होतं.

आठच्या सुमाराला उजेड बदलला. पितळेची भांडी घासायची राहिली की जशी दिसतात तसा उजेड. बदामाच्या झाडाखाली जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके असतात ना, त्यांच्या चंद्रकोरी झाल्या होत्या, शेकडो चंद्रकोरी, वाऱ्याने हलत होत्या. कावळे गप्प. मला सगळं माहीत होतं, का होतं, कसं होतं, आकृती काढून समजावून दिलं असतं. तरी मानेवर काटा आला.

तेवढ्यात काका आले. उघड्या आभाळाखाली, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, अनवाणी, भराभर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी सरांना म्हटलं, “आले बघा सर. पहिला माणूस आला.” आणि काकांना म्हटलं, “या काका, इथून बघा, डोळ्यांना काही होत नाही.”

काका कागदाकडे न बघता म्हणाले, “ती उठत नाहीये.”

खोलीत अंधार होता, खिडकीला चादर. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. लुगडं घामाने चिकटलेलं, उशी ओली. घशातून घोरल्यासारखा आवाज, पण ते घोरणं नव्हतं. मी हाक मारली. गाल हलवला. दातखीळ बसलेली. डोळा उघडून बघितला तर त्यात कोणी नव्हतं.

कोपऱ्यात ताट झाकून ठेवलेलं. मी झाकण काढलं. पुरी, भाजी, बासुंदीची वाटी, प्रत्येकावर तुळशीचं एक एक पान. एका घासाची जागासुद्धा मोकळी नव्हती.

“काल जेवल्या नाहीत?”

“सात वाजून गेले होते ना,” काका म्हणाले. “मी म्हटलं तिला, पंचांगात आजारी माणसाला सूट असते, त्यांचे वेध पहाटे लागतात, तू जेव. तर म्हणाली, फळ्यावर सर्वांनी लिहिलंय. म्हणाली, पोरीला माझं इंजेक्शन माहीत आहे, तीच टोचते. तिने सातपासून लिहिलं म्हणजे माझा विचार करूनच लिहिलं असेल.”

पंचांगात आजाऱ्यांना सूट होती. आमच्या फळ्यावर नव्हती.

मला भीती वाटली. ग्रहणाची नाही, स्वतःची, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगते, त्या क्षणी मला ग्रहणाचीच वाटली. बाहेर तो घाणेरडा पिवळा उजेड, आत तो आवाज, आणि मनात आलं, ग्रहणाने धरलं काकूंना. मी, पत्रकं लिहिणारी. एवढ्यापुरतं आलं आणि गेलं, पण आलं. मग दुसरी भीती आली ती अजून गेलेली नाही. की हे मी केलंय आणि आता ते उलटवता येणार नाही.

काका साखरेचा डबा धरून उभे होते आणि देत नव्हते. “ग्रहणात तोंडात...” एवढंच म्हणाले. मी डबा ओढून घेतला. पाणी पाजायचं नाही, गळ्यात अडकेल, हे माहीत होतं. साखर थेंबभर पाण्यात कालवून बोटाने गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळली. दात बोटाला लागत होते. चोळत राहिले. काही होईना. मी ओरडले नाही असं काकांनी त्या दिवाळीत सांगितलं, मी सारखी एकच गोष्ट पुटपुटत होते म्हणे, “पुसते, पुसते, आत्ता पुसते.”

आयटीआयवाला डॉक्टरांकडे धावला होता. दवाखाना बंद. घराची कडी वाजवली तर आतून आवाज आला, दहानंतर या. दिवाळीच्या फराळाने भरलेली चाळीस घरं, प्रत्येकाच्या डब्यात साखर, आणि एक दार उघडेना. अंकल मैदानातून निघाले, नर्सबाईंना आणायला स्कूटर काढली. सर दुर्बिणीपाशीच थांबले. सगळ्यात मोठा घास साडेआठच्या सुमाराला पडणार होता आणि मापं घ्यायची होती. मी त्यांना दोष देत नाही. देते. देतेच.

अंकलना नर्सबाईंचं घर माहीत नव्हतं. त्यांनी म्हणे गल्लीत प्रत्येक दारासमोर स्कूटरचा हॉर्न धरून ठेवला, नर्सबाई स्वतः चादर बाजूला करून बाहेर येईपर्यंत. “ग्रहण गया भाड में, बाई मर रही है,” हे वाक्य पाड्यात पुढे दोन वर्षं चाललं. नर्सबाई गाऊनवर ओढणी घेऊन मागे बसल्या. बरोबर ग्लुकोजची सिरिंज, हाताएवढी जाड. शीर सापडेना. दोनदा हुकली. तिसऱ्यांदा लागली. नर्सबाई हळूहळू दट्ट्या दाबत होत्या आणि मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते, माझं बोट अजून त्यांच्या गालात.

अर्धी सिरिंज गेली असेल. काकूंनी माझं बोट चावलं. मग डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, मला ओळखलं आणि विचारलं,

“वेध सुटले का ग?”

मी बाहेर आले. ग्रहण अजून होतंच. मी नळावर गेले, ओढणी भिजवली आणि फळा पुसला. दोनदा पुसला. तरी खडूचा ‘वे’ दिसत होता.

इथे गोष्ट संपत नाही, दुसरा अन्याय राहिलाय. दिवाळी संपल्यावर सरांनी पत्रकाचा मजकूर केला. ‘अंधश्रद्धेपायी एका भगिनीचे प्राण जाता जाता वाचले. अडाणी पतीने ग्रहणाच्या भीतीने अन्न नाकारले.’ मी म्हटलं, सर, काकांनी ताट वाढलं होतं. अडवलं ते आपल्या फळ्याने.

“मग काय करू या? आपणच आपला फळा बदनाम करायचा?” सर म्हणाले. “शब्दाचा अर्थ लोकांना कळत नाही हा आपला दोष नाही. चळवळीचं नुकसान होईल. तू लहान आहेस अजून.”

अंकल म्हणाले, “सर, धंद्यात पण चुकीचा नंबर दिला तर चष्मा वापस घ्यावा लागतो.” कोणी ऐकलं नाही. मीसुद्धा ऐकलं नाही. ते पत्रक छापलं गेलं. मी स्वतः वाटलं, बदलापुरात, सोनिवलीत, आमच्या पाड्यात घरोघर. एक काकांच्या हातात पडलं. त्यांनी ते दारात उभं राहून वाचलं, चार घड्या घातल्या आणि आत गेले. त्यानंतर काकूंबरोबर आमच्याकडे आले तरी मी इंजेक्शन द्यायला लागल्यावर ते बाहेर जाऊन उभे राहायचे. पूर्वी सुईला घाबरून तोंड फिरवायचे, तेसुद्धा खोलीत थांबून.

मी काकूंना सगळं सांगितलं होतं. वेध म्हणजे मला काय म्हणायचं होतं तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तसं लिहायचं ना, बघायला या म्हणून. बघायला या, एवढं लिहायला काय झालं होतं?” पाड्यात मात्र कोणाला त्यांनी फळ्याचं नाव घेऊ दिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, मीच विसरले जेवायला. पण आजही संध्याकाळी इंजेक्शन घ्यायला आल्या की दंड पुढे करायच्या आधी विचारतात, “आज जेवायचं ना ग? फळ्यावर काय आहे?” हसतात. मी हसू शकत नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला टोचते, मग त्यांच्यामागून त्यांच्या घरी जाते आणि पहिला घास गिळेपर्यंत उंबऱ्यावर बसते. काका भिंतीकडे बघत जेवतात.

गेल्या आठवड्यात सरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर अजून तसंच छापल्यासारखं. ऑगस्टच्या ग्रहणाचा मजकूर, फळ्यावर घालण्यासाठी. पहिल्याच ओळीत तो शब्द. मी ते परत पाठवलं, शब्दावर काट मारून, आणि सोबत पत्रकाच्या दुरुस्तीचा मजकूर, काकांनी ताट वाढलं होतं हे त्यात आहे. छापतील असं वाटत नाही. म्हणून इथे लिहिलं.

आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही, कुठल्यातरी फळ्यावर, भिंतीवर, पत्रकात या ग्रहणाबद्दल लिहिणार आहात किंवा लिहिलंय. आज उठा आणि जाऊन ते पुन्हा वाचा, नळावर हंडा लावलेल्या बाईच्या डोळ्यांनी, मोठ्याने. वेध लिहिला असेल तर पुसा. ‘बघायला या’ लिहा. त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ‘ज्यांनी इंजेक्शन घेतलंय त्यांनी जेवावं’ हे लिहा. जागा नसेल तर दुर्बिणीचं चित्र काढू नका. आणि ग्रहणाच्या दिवशी मैदानात जायच्या आधी शेजारच्या घरात शिरा. जेवलात का, असं दारातून विचारू नका, लोक ‘हो ग’ म्हणतात. झाकण उचला आणि ताट बघा.